दुसऱ्या बॅटरीची तजवीज

हर्णैच्या बंदरात सुवर्णदुर्गाच्या अंगाला नांगरलेल्या मच्छीमार नौकांकडे सायंकाळी किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास त्यांवरील दिवे तेवढे दिसतात. त्या दिव्यांसाठी इंजिनाच्या तेलकट अंधारात दोन बॅटऱ्यांचा जो कारभार अहोरात्र चाललेला असतो, त्याची वार्ता किनाऱ्यास सहसा लागत नाही. यांपैकी एकीचे काम अवघ्या काही सेकंदांचे, पण निर्वाणीचे: स्टार्टरला शेकडो अँपिअरचा प्रवाह एकदम पुरवून डिझेल इंजिन फिरविणे. दुसरी मात्र रात्रभर राबते. दिवे, वायरलेस, जीपीएस, मासळीचा थवा दाखविणारे यंत्र, या सर्वांचा खर्च तिच्याच खाती पडतो. म्हणून पहिलीच्या आत पातळ पण पुष्कळ पत्रे असतात आणि दुसरीच्या आत जाड. दिव्यांच्या खर्चासाठी इंजिनाच्या अनामतीस हात लागला, की पहाटे चावी फिरविल्यावर नुसती ‘टक्’ ऐकू येते, आणि नौका वाऱ्याच्या मर्जीने खडकाकडे सरकू लागते.

अडचण अशी, की खर्चाची खाती दोन असली तरी जमेची बाजू एकच, ती म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरून स्वस्थ ठेवली असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते आणि निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास येते. तिला पुन्हा भरावयाचे तर तिच्या टोकांशी १४ व्होल्टांहून थोडा अधिक दाब पोहोचला पाहिजे. दोन्ही बॅटऱ्या एकाच तारेने कायमच्या जोडून दिल्या, तर इंजिन चालू असेतोवर सर्व सुरळीत भासते. ते थांबताच भरलेली बॅटरी रिकामीला आपला साठा देऊ लागते आणि दिवे दोघींनाही सारखेच शोषतात.

यावर जुना उपाय हाताने फिरविण्याच्या मोठ्या स्विचचा. तो स्वस्त व टिकाऊ खरा, परंतु जाळे ओढून थकलेल्या खलाशाच्या स्मरणशक्तीवर त्याची सारी भिस्त. शिवाय इंजिन चालू असता कोणी तो चुकून ‘बंद’वर नेला, तर अल्टरनेटरच्या पोटातील डायोड जळण्याचा संभव असतो. वेगळे डायोड बसवून प्रवाहास एकाच दिशेने वाट ठेवता येते, पण ते त्या वाटेवर अर्ध्या-पाऊण व्होल्टाची दस्तुरी कापून घेतात. मला रिले अधिक पसंत. इंजिनाच्या बॅटरीचा दाब १३.३ च्या सुमारास चढला की तो दुसरीस जोडून घेतो, आणि १२.८ पर्यंत उतरला की तिला तोडतो; कोणाच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही.

तथापि रिले उत्तम असूनही तारेने घात केल्याचे उदाहरण मी आंजर्ल्याच्या खाडीत पाहिले. पावसाळ्यात आसऱ्यास आलेल्या एका नौकेची दुसरी बॅटरी नवी असूनही नित्य उतरत असे. वायरमनने इंजिन चालू ठेवून मीटर लावला: अल्टरनेटरपाशी १४.२, बॅटरीपाशी १२.९. मग त्याने तारेचे टोक सोलले. आतील तांबे हिरवट-काळे पडले होते. “बॅटरी नवी घेतलीत, नाखवा, पण वायर घरातलीच ठेवलीत,” तो म्हणाला. हिशेब सोपा होता. जाऊन-येऊन दहा मीटरची, चार चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार तीस अँपिअर वाहताना सव्वा व्होल्टाहून अधिक दाब वाटेतच उष्णतेत घालविते. सोळा चौरस मिलिमीटरची घेतली तर तीच तूट एक-तृतीयांश व्होल्टावर येते. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच राहिली, की तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि विक्रेत्यास विनाकारण शिव्या खाव्या लागतात.

फ्यूजविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. फ्यूज उपकरणाचे रक्षण करण्यासाठी असतो असे लोक मानतात. वस्तुतः या जोडणीत तो तारेचा पहारेकरी होय, आणि तारेच्या दोन्ही टोकांस बॅटरी असल्यामुळे एक पहारेकरी पुरत नाही. मध्येच कोठे घासून तार इंजिनाच्या लोखंडास टेकली, तर दोन्हीकडून प्रवाह धावून येतो. म्हणून प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरातच एकेक फ्यूज हवा. बॅटऱ्यांची खोली हवेशीर असावी, कारण भरताना निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के मिसळला तरी ठिणगीची वाट पाहत असतो.

नव्या तारेचा भाव ऐकून आंजर्ल्याच्या त्या नाखव्याने प्रथम जुनीच ‘उलटी करून’ लावता येईल का, असे विचारले. वायरमन काही बोलला नाही; सोललेले हिरवे टोक त्याने नाखव्याच्या तळहातावर ठेवले, तेव्हा त्या टोकाची चिमूटभर भुकटी झाली. दुसऱ्या दिवशी कथिलाचा मुलामा दिलेली जाड तार आली, टोकांना लग दाबून बसले, आणि तितकाच प्रवाह वाहत असता मीटरने बॅटरीपाशी १३.९ दाखविले.