गाय जागी असून घोरते तेव्हा

आर्वी-कारंजाकडचा एखादा कोठा डोळ्यांपुढे आणा. दोन-अडीच वर्षांची गवळाऊ कालवड खुंट्याला उभी आहे. कुटार खाते, ढेप दिसली की मान लांबवते, निवांत रवंथ करते. अंगात ताप नाही, शेण नीट आहे. फक्त श्वास आत घेताना नाकातून घर्र घर्र आवाज येतो आणि तो चार हातांवरून ऐकू येतो. ‘गाय घोरून रायली’, मालक सांगतो. खाते-पिते आहे, मग आजारी कशी म्हणायची?

या आवाजाचं मूळ शोधत गेलं की माणूस कोठ्यातून निघतो आणि थेट गावाबाहेरच्या डबक्याच्या काठावर पोचतो.

आधी आवाजाचं पाहू. निरोगी गाईचा श्वास जवळ उभं राहिलं तरी जेमतेम ऐकू येतो, कारण नाकातली वाट रुंद आणि गुळगुळीत असते. ती अरुंद झाली की हवा भोवरे खात जाते आणि आजूबाजूची ओली त्वचा थरथरते. अरुंदपणाचा हिशेब मोठा कठोर आहे. सरळ नळीतून हवा संथ वाहत असेल आणि नळीचा व्यास निम्मा झाला, तर अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. गाईचं नाक काही सरळ नळी नव्हे, पण थोडीशी सूज एवढा आवाज का करते ते यावरून कळतं. कालवड तरी धट्टीकट्टी दिसते, कारण फुप्फुसं शाबूत असतात आणि खुंट्याला उभ्या जनावराला हवा लागते तरी किती! उणीव दिसते ती चालताना, उन्हात, गाभणपणी. गवळाऊची ख्याती तर पायांच्या चपळाईची. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. अशा जातीचा घोरणारा गोऱ्हा पुढे बैल होऊन गाडीला जुंपला, की कोठ्यात झाकलेली गोष्ट अर्ध्या कोसात उघडी पडते.

आवाज कुठून येतो हे हातानेही बरंचसं कळतं. एक नाकपुडी तळहाताने क्षणभर झाकायची, मग दुसरी. आवाज बदलला, किंवा एका बाजूने हवाच कमी आली, तर अडथळा नाकात आहे. दोन्हीकडे हवा सारखी आणि आवाज तसाच, तर घसा किंवा स्वरयंत्र पाहायचं. तिथे वासरांना होणारा घशाचा जिवाणूजन्य आजार असू शकतो, अडकलेला काटा असू शकतो, क्षयाने फुगलेली गाठही असू शकते. गळ्याखाली सूज आणि सोबत सणकून ताप असेल तर मात्र घटसर्पाची शंका घ्यावी. तिथे काही तासांचाच अवधी असतो, तेव्हा आधी डॉक्टर बोलवायचा.

पण अडथळा नाकात, ताप नाही, भूक चांगली आणि घोरणं महिनोन्महिने चाललेलं, असं असेल तर आपल्या देशात एका विलक्षण जिवाची आठवण ठेवावी लागते. शिस्टोसोमा नेझेल हे त्याचं शास्त्रीय नाव. 1933 साली मद्रासच्या एम. अनंत नारायण राव यांनी त्याचं वर्णन केलं. हा रक्तात राहणारा चपटकृमी आहे. त्याचे भाऊबंद आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या शिरांत संसार करतात, याने मात्र नाकाच्या अस्तरातल्या बारीक शिरा निवडल्या. संसार हा शब्द इथे अगदी शोभतो. नराच्या अंगाला लांबट खाच असते आणि मादी त्या खाचेतच राहते.

त्रास कृमींचा फारसा नसतो, अंड्यांचा असतो. अंडं बाकदार, त्याला काटा. शिरेतून निघून नाकाच्या पोकळीत यायचं तर त्याला अस्तर ओलांडावं लागतं. वाटेत गाईच्या पेशी त्याला परका ओळखून घेराव घालतात. पुष्कळशी अंडी तिथेच अडकतात, भोवती गाठ वाढते, गाठीवर गाठ चढते आणि नाकात फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ तयार होते. म्हणजे आपल्याला ऐकू येणारी घरघर गाईच्या स्वतःच्या बचावानेच उभारलेली असते. आश्चर्य म्हणजे म्हशीलाही हा कृमी होतो, पण ती सहसा गाईइतकी घोरत नाही.

जी अंडी सुटतात ती शेंबडात येतात. आता गाय पाणी कशी पिते ते आठवा. मान खाली, नाकपुड्या पाण्याला टेकलेल्या. भाऊबंदांची अंडी शेणातून किंवा मुतातून बाहेर पडतात. ती पाण्यात पोचली तर पोचली. याची अंडी मात्र गाय स्वतःच, तहान लागेल तेव्हा, पाण्यात नेऊन सोडते. पाण्यावर जगणाऱ्या परजीवीसाठी नाकाइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही!

पाण्यात अंडं फुटतं आणि सूक्ष्म केसांनी पोहणारी अळी बाहेर पडते. ती काही खात नाही, तिच्याजवळ मोजके तास असतात. तेवढ्यात तिला एक ठरावीक गोगलगाय गाठायची असते. इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही ती गोगलगाय. शंख चपटा गुंडाळलेला, रक्त आपल्यासारखंच हिमोग्लोबिनचं, लाल. नाल्याच्या डोहात, बोडीत, धानाच्या बांधीत ती सर्रास असते. पाणी आटलं की चिखलात दडून राहते आणि मृगाच्या पावसाने पुन्हा वर येते. तिच्या पोटात शिरलेल्या एका अळीच्या काही आठवड्यांत हजारो होतात. या नव्या अळ्यांची शेपटी दुभंगलेली असते. पाण्यात उतरलेल्या गुराच्या कातडीतून त्या आत घुसतात आणि रक्तातून फिरत फिरत शेवटी नाकात येतात.

त्याच पाण्यात माणूस उतरला तर पायांना खाज सुटते, पण माणसात हा कृमी वाढत नाही. माणसाच्या मूत्राशयात राहणारा याचा एक नातलग महाराष्ट्रात सापडला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावची ही नोंद गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये केली.

निदानाला मोठी यंत्रं लागत नाहीत. शेंबूड कॉस्टिकच्या सौम्य द्रावणात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ती बाकदार अंडी दिसतात. पूर्वी अँटिमनीची इंजेक्शनं देत, आता प्राझिक्वांटेलही वापरतात. मात्रा डॉक्टरनेच ठरवायची. औषधाने कृमी मेले तरी तेच जनावर त्याच डबक्यात पुन्हा उतरलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून हौदात पाणी पाजणं हा माझ्या मते औषधाइतकाच मोठा उपाय आहे. बोडीचंच पाणी वापरायचं असेल तर गोगलगाई येऊ न देता ते दोन-तीन दिवस साठवावं. दुभंगल्या शेपटीच्या अळ्यांना गुराचं अंग मिळालं नाही तर त्या साधारण एक-दोन दिवसांतच मरतात.

डॉक्टरला फोन करण्याआधी मोबाइलवर तो आवाज रेकॉर्ड करून ठेवावा, कारण दवाखान्यात नेलेली गाय नेमकी तेव्हाच गप्प उभी राहते. कोणती नाकपुडी, किती दिवसांपासून, शेंबडात रक्त आहे का, हे सांगावं. आणि त्यांनी विचारलं नाही तरी गाय पाणी कुठे पिते तेही सांगावं.