तेल किनाऱ्याला लागते तेव्हा

समुद्रात सांडलेल्या तेलाशी खरी झुंज उघड्या समुद्रावर नव्हे, तर किनाऱ्यावर द्यावी लागते. कारण यंत्रांनी पाण्यावरून उचलले जाणारे तेल बहुतेक दुर्घटनांत 10 ते 15 टक्क्यांपलीकडे जात नाही. तेल अडवण्यासाठी पाण्यावर सोडले जाणारे लांबच लांब तरंगते अडसर, ज्यांना ‘बूम’ म्हणतात, ते निवांत बंदरात उपयोगी पडतात. परंतु प्रवाह जोराचा असला की तेल त्यांच्याखालून निसटते आणि लाटा उंच असल्या की ते वरून उसळून पलीकडे जाते. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘एमव्ही खलिजिया-3’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा ऐन पावसाळा होता. सुमारे 800 टन इंधन तेल समुद्रात गेले आणि तटरक्षक दलाने जहाजांतून व विमानांतून तेल विखुरणाऱ्या रसायनांची फवारणी करूनही त्यातील बरेचसे मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यांना व कांदळवनांना लागले.

जहाजांच्या इंजिनांत जळणारे हे इंधन तेल काळे, जड आणि चिकट असते. हलक्या खनिज तेलाचा मोठा अंश पहिल्या काही दिवसांतच हवेत उडून जातो, तसे याचे होत नाही. उलट लाटांच्या घुसळणीत पाण्याचे सूक्ष्म थेंब तेलात अडकतात आणि त्याचा तपकिरी, घट्ट लगदा बनतो. या लगद्यात तीन चतुर्थांशापर्यंत पाणीच असू शकते, म्हणजे 100 टन तेल सांडले तरी उचलावा लागणारा माल 300 ते 400 टनांवर जातो. तो पंपाने सहज खेचता येत नाही आणि तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात विखुरणारी रसायनेही त्यावर नीट चालत नाहीत. 2017 च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोर येथे दोन जहाजांच्या टकरीनंतर मच्छीमारांना आणि स्वयंसेवकांना बादल्यांनी तेल उपसावे लागले. त्यावरून देशभर टीका झाली. पण अशा लगद्यापुढे यंत्रे हतबल होतात, हेही तितकेच खरे.

त्यानंतर सारे काही किनारा कसा आहे यावर ठरते. वाळूची पुळण त्यातल्या त्यात सोपी, असे वाटते; मात्र एका भरतीने आणलेल्या तेलावर पुढची भरती स्वच्छ वाळू पसरवते, त्यावर पुन्हा तेल येते, आणि फावड्याने वीतभर खणले की काळ्या व पांढऱ्या थरांची उतरंड दिसते. वरवर साफ दिसणाऱ्या पुळणीवर अवजड वाहने फिरवली की चाकांखाली तेल आणखी खोल दाबले जाते. म्हणून फावडी, घमेली आणि माणसांचे हात यांनी केलेली सावकाश सफाई हीच येथे बहुधा सर्वांत कमी हानिकारक ठरते.

खडकाळ किनाऱ्यांनी शिकवलेला धडा अधिक कठोर आहे. मार्च 1967 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज फुटले, तेव्हा तेल विखुरण्यासाठी सुमारे 10,000 टन रसायने वापरली गेली. त्या काळची ही रसायने तेलापेक्षाही विषारी होती. खडकाला चिकटून शेवाळ खरवडून खाणारे शंखवर्गीय प्राणी त्यांनी मारले, खडक हिरव्या शेवाळाने माखले आणि तेथील जीवसृष्टीची घडी नीट बसण्यास दशकाहून अधिक काळ लागला. फवारणी न झालेले खडक मात्र दोन-तीन वर्षांतच बरेचसे सावरले. 1989 साली अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’च्या गळतीनंतर गरम पाण्याच्या दाबाच्या फवाऱ्यांनी किनारे धुण्यात आले, तेव्हा तेलातून वाचलेले शिंपले आणि समुद्रवनस्पती त्या पाण्याने भाजून निघाल्या. एवढे करूनही 2001 च्या पाहणीत निम्म्याहून अधिक ठिकाणी तेल शिल्लक आढळले, कारण ते गोट्यांच्या थराखाली, हवा पोहोचत नाही तेथे मुरले होते. तेल खाणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू मिळाला नाही की ते वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत अवघड जागा म्हणजे खाड्यांतील खाजणे आणि कांदळवने. तिवराची झाडे चिखलातून पेन्सिलीसारखी उभी मुळे वर काढतात, त्यांवरील बारीक छिद्रांतून हवा आत घेतात आणि प्राणवायूविना असलेल्या चिखलातील मुळांना ती पुरवतात. ओहोटीबरोबर खाली उतरणारे तेल याच मुळांवर लेपासारखे बसते आणि खेकड्यांच्या बिळांतून हातभर खोल जाते. झाड लगेच मरत नाही. पाने पिवळी पडून गळण्यास कित्येक आठवडे वा महिनेही जातात, तोवर गळतीची बातमी विसरली गेलेली असते. मग सफाई करायची तर माणसे चिखलात उतरवावी लागतात, आणि त्यांच्या प्रत्येक पावलाने ती मुळे मोडतात व तेल तळाशी दडपले जाते. 1978 साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ‘आमोको कादिझ’मधील तेल खाऱ्या दलदलीत शिरले, तेव्हा यंत्रांनी तेलासकट माती खरवडून काढलेल्या भागांत वनस्पती परतण्यास हात न लावलेल्या भागांपेक्षा बराच अधिक काळ लागला. खाजणात म्हणूनच कडेने तेल टिपून घेणे, कमी दाबाच्या समुद्राच्या पाण्याने ते पुन्हा खाडीत आणून उचलणे आणि उरलेले भरती-ओहोटीवर सोपवणे, एवढेच बहुधा हितकारक असते. काळवंडलेला किनारा तसाच ठेवणे लोकांना बेपर्वाई वाटते आणि प्रशासनावर काहीतरी करून दाखवण्याचा दबाव येतो. या दबावाला अभ्यासपूर्वक नकार देण्याची तयारी हा सफाईचाच भाग मानला पाहिजे.

गोळा केलेल्या तेलकट वाळूचे काय करायचे, हा प्रश्न तर सर्वांत उशिरा विचारला जातो. तिचे ढीग पुळणीवरच राहिले तर पहिल्याच उधाणाच्या भरतीत किंवा पावसात तेल पुन्हा समुद्रात जाते. भारतात समुद्रातील तेलगळतीच्या मुकाबल्याचे समन्वयन तटरक्षक दलाकडे असले, तरी किनाऱ्याची सफाई राज्य व स्थानिक यंत्रणांवर येते. त्यामुळे ढीग कोठे रचायचे, कोणत्या खाडीचे तोंड आधी बंद करायचे आणि कोणत्या खाजणात पाऊल ठेवायचे नाही, हे गाववार नकाशावर आधीच ठरलेले हवे, आणि तो नकाशा करताना कोणत्या भरतीला पाणी कोठवर शिरते हे रोज पाहणाऱ्या कोळ्यांना सोबत घ्यायला हवे.