संप्रेरके, जनुके आणि पुरुष-प्रजननसंस्था

होळकरांच्या छत्र्यांमुळे परिचित असलेली छत्रीबाग ज्या इंदूर शहरात आहे, त्याच्या आसपासच्या माळव्यातील शेतकऱ्याला वळू व बैल यांतील फरक सांगावा लागत नाही. लहानपणीच खच्ची केलेल्या गोऱ्ह्याचे वशिंड व मान वळूसारखी भरत नाही. स्वभावही शांत राहतो. वृषणातून रक्तात मिसळणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक नाहीसे झाल्याचा हा परिणाम होय. जर्मन शास्त्रज्ञ बर्थोल्ड यांनी १८४९ साली खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण बसविले, तेव्हा त्यांचे तुरे इतर कोंबड्यांप्रमाणे वाढले.

हे कसे घडते? शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. परंतु सर्वच जनुके सर्वत्र कार्य करीत नाहीत. टेस्टोस्टेरॉन पेशीत शिरून एका ग्राही प्रथिनास जोडले जाते. ही जोडी पेशीकेंद्रकात डीएनएच्या ठरावीक जागी बसते. तेथील जनुकाची आरएनए-प्रत निघते आणि तीवरून प्रथिन तयार होते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. संप्रेरक जनुक बदलत नाही. कोणत्या जनुकाने केव्हा व किती काम करावे, हे ते ठरविते.

म्हणून एकाच संप्रेरकाची कामे अवयवपरत्वे भिन्न असतात. पुरःस्थ ग्रंथीत ते वीर्यातील प्रथिनांची जनुके जागृत करते. वृषणात सर्टोली पेशींमार्फत शुक्रजंतूंच्या वाढीस साहाय्य करते. या ग्रंथीचा कर्करोग संप्रेरक रोखून आटोक्यात आणता येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले. त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीर पिळदार व्हावे म्हणून काही तरुण वैद्यकीय सल्ल्यावाचून टेस्टोस्टेरॉन टोचून घेतात. त्याचा परिणाम उलटा होतो. रक्तातील वाढलेले प्रमाण पाहून मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी वृषणास चालना देणे कमी करते. वृषणातील स्वतःचे टेस्टोस्टेरॉन घटते आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते किंवा थांबते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे औषध सोडल्यावरही पूर्वस्थिती येण्यास अनेक महिने लागू शकतात.

अपत्य न झाल्यास दोष केवळ स्त्रीच्या माथी मारणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. पती-पत्नी दोघांचीही तपासणी व्हावी. वीर्यतपासणी सोपी असते; पुरुषाने तिच्यात संकोच बाळगू नये आणि पूर्वी घेतलेली औषधे वैद्यांपासून लपवू नयेत.