कोर्लई किल्ला : अवशेष आणि बोली

महाविद्यालयीन अभ्याससहलींमध्ये किल्ला पाहणे म्हणजे तट, बुरूज आणि तोफा पाहणे, असा एक समज रूढ झालेला आढळतो. रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे हा समज विशेष अपुरा पडतो. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

कुंडलिका नदीच्या मुखाशी उत्तरेस रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, तर दक्षिणेस समुद्रात शिरलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. या डोंगरावरून रेवदंडा आणि खाडीचे मुख या दोहोंवर नजर ठेवता येते. म्हणूनच निजामशाहीने तेथे तटबंदी उभारताच पोर्तुगीजांना ती असह्य झाली. इ.स. १५९४ मध्ये त्यांनी हे ठाणे जिंकले. वसईच्या मोहिमेनंतर, इ.स. १७४० मध्ये, ते मराठ्यांकडे आले. डोंगराच्या अरुंद धारेवर लांबट पसरलेला हा किल्ला, त्यातील एकामागून एक येणारे दरवाजे, पोर्तुगीज शिलालेख आणि पडके प्रार्थनामंदिर यांची नोंद बहुतेक अभ्यासक घेतात व परततात.

वास्तविक, पोर्तुगीज काळाचा सर्वांत मोलाचा अवशेष डोंगराच्या पायथ्याशी आहे. कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीजपासून उद्भवलेली एक मिश्रबोली बोलतो. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', असे म्हणतात. ही पोर्तुगीज भाषेची 'अशुद्ध' प्रत होय, असे समजणे चुकीचे ठरेल. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज असला, तरी वाक्यरचनेवर मराठीचा खोल ठसा आहे. पोर्तुगीज वाक्याचा क्रम 'मी खातो भात' असा. या बोलीत मात्र क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येण्याकडे कल दिसतो. चावी, पगार, पाव, घमेले हे शब्द पोर्तुगीजांकडून घेऊन मराठीने आपलेसे केले, हे आपण वर्गात सांगतो. मराठीने पोर्तुगीजला काय दिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो!

सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ही बोली कशी टिकली? धर्म व जात यांमुळे हा लहानसा समाज आजूबाजूच्या वस्त्यांपासून बराच अलग राहिला, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाभ्यासकाने इ.स. १९९६ मध्ये या बोलीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठी विभागांनी मात्र तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे नमूद करावेसे वाटते.

आज तिचे भाषक सुमारे हजारभरच आहेत. शालेय शिक्षण मराठीतून, व्यवहारही मराठीतून. म्हणजे ज्या अलगपणाने ही बोली राखली, तोच आता विरळ होत आहे, आणि त्याबद्दल खेद करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तथापि इतिहास आणि मराठी या दोन विभागांची सहल एकत्र निघाली, ग्रामस्थांच्या पूर्वसंमतीने वयोवृद्धांच्या कथा व गीते ध्वनिमुद्रित झाली आणि त्यांची एक प्रत गावातच राहिली, तर ते कार्य कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे.