ताट धुणारेही तेच, पाहुणेही तेच : फ्रान्समधील तेझे गावचे युवा शिबिर



एप्रिल संपत आला की पालक हमखास विचारतात, "बाई, सुट्टीत मुलाला कुठल्या शिबिराला घालू?" पोहणे, चित्रकला, व्यक्तिमत्त्व विकास... गल्लोगल्ली फलक लागलेले असतात. पण शिबिरातून मूल काय घेऊन घरी येतं, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून आज आपण एका ख्रिस्ती युवा शिबिराची दिनचर्या पाहू. त्यात आपल्या शाळांनाही घेण्यासारखं बरंच आहे.

तेझे कुठे आहे?

फ्रान्सच्या बर्गंडी भागात, क्लूनी या जुन्या गावाजवळ, टेकडीवर तेझे नावाचं छोटंसं खेडं आहे. 1940 मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, स्वित्झर्लंडहून पंचवीस वर्षांचा एक तरुण इथे आला. पुढे जग त्यांना ब्रदर रॉजर म्हणून ओळखू लागलं. त्यांनी एक घर घेतलं आणि युद्धातून पळून आलेल्या लोकांना आसरा दिला. त्यांत ज्यू निर्वासितही होते. युद्ध संपल्यावर जवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांनाही त्यांनी आपल्या घरी बोलावलं. म्हणजे आधी एका बाजूचे दुःखी, मग दुसऱ्या बाजूचे.

1949 च्या ईस्टरला सात जणांनी आयुष्यभर एकत्र राहण्याचं व्रत घेतलं. आज या बंधुसंघात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक असे दोन्ही पंथांचे, अनेक देशांतले धर्मबंधू आहेत. ते स्वतःसाठी देणगी घेत नाहीत. मातीची भांडी बनवणे, पुस्तके काढणे अशा कामांवर त्यांचा निर्वाह चालतो.

शिबिर कसे असते?

रविवार ते रविवार, असा एक आठवडा. प्रामुख्याने पंधरा वर्षांपुढची मुलं-मुली येतात. उन्हाळ्यात तर एकेका आठवड्याला हजारोंनी. राहायला तंबू किंवा साध्या लाकडी खोल्या. पैसे किती द्यायचे, हे तुमचं वय काय आणि तुम्ही कोणत्या देशातून आलात यावर ठरतं. गरीब देशातल्या मुलाला कमी, श्रीमंत देशातल्याला जास्त.

एक दिवस तेझेचा

दिवसाची लय सांभाळते ती घंटा. आपल्या शाळेसारखीच! फक्त इथे ती वाजली की हजारो पावलं चर्चकडे वळतात.

सकाळी सव्वाआठला पहिली प्रार्थना. चर्चमध्ये बाकं नाहीत, बहुतेक जण जमिनीवरच बसतात. मधोमध पांढऱ्या झग्यातले धर्मबंधू. गाणी अगदी छोटी, एक-दोन ओळींची आणि वेगवेगळ्या भाषांतली. तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची, आपल्याकडे भजनात ध्रुवपद घोळवतात तशी. त्यामुळे ज्याला ती भाषा येत नाही तोही दोन-तीन वेळांत गाऊ लागतो. मग काही मिनिटं संपूर्ण शांतता. हजारो तरुण एका छताखाली, आणि कोणी बोलत नाही.

नंतर न्याहारी : पाव, लोणी, चॉकलेटच्या कांड्या आणि गरम पेय. पेय कपात नव्हे, वाडग्यात. जेवणही साधंच, आणि हाताशी एक चमचा.

दहा वाजता एक धर्मबंधू बायबलमधला एखादा भाग समजावून सांगतात. मग छोटे गट बसतात. एकाच गटात जर्मन, पोलिश, पोर्तुगीज असे कुणीही असू शकतात. दिलेल्या प्रश्नांवर आपापल्या आयुष्यातला अनुभव सांगायचा. ज्याला दोन्ही भाषा येतात तो दुभाषी होतो. इथे कुणी पाठ म्हणून दाखवत नाही, त्यामुळे चुकायची भीतीही नसते.

बारा वीसला दुसरी प्रार्थना, मग जेवण. दुपारी गाण्याचा सराव, काम, गटचर्चा. रात्री साडेआठला तिसरी प्रार्थना. ती संपल्यावरही कितीतरी मुलं चर्चमध्ये गात बसून राहतात.

आठवड्याचा शेवट विशेष असतो. शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात आणि एकेक जण येऊन त्यावर कपाळ टेकवून प्रार्थना करतो. शनिवारी रात्री सर्वांच्या हातात मेणबत्त्या. एकाची ज्योत दुसऱ्याला देत चर्च उजळतं. रविवारी प्रभुभोजनाची उपासना. म्हणजे गुड फ्रायडे ते ईस्टर हा प्रवास तिथे दर आठवड्याला होतो.

मग एवढं काम करतं कोण?

मला सर्वांत आवडलेली गोष्ट इथेच आहे. हजारोंचं जेवण वाढायचं, भांडी घासायची, संडास धुवायचे, नव्यांना जागा दाखवायची. ही सारी कामं आलेले तरुणच वाटून घेतात. चर्चच्या दारात 'शांतता' असा फलक हातात धरून उभा राहणाराही त्यांच्यातलाच एक असतो. तो ओरडत नाही, नुसता उभा असतो. काही तरुण स्वयंसेवक म्हणून अनेक महिने राहतात आणि या कामांची घडी बसवतात.

तिथलं मोठं चर्चसुद्धा असंच उभं राहिलं. युद्धात जर्मनीने जिथे नुकसान केलं, तिथे जाऊन हातांनी काहीतरी बांधून द्यायचं, असं ठरवलेल्या जर्मन तरुणांनी ते बांधलं. 1962 मध्ये ते खुलं झालं. नाव ठेवलं 'समेटाचं चर्च'. माफी नुसती तोंडाने मागितली नाही, ती हातांनी बांधून मागितली.

16 ऑगस्ट 2005 रोजी, संध्याकाळच्या प्रार्थनेत, सर्व तरुणांसमोर, नव्वद वर्षांच्या ब्रदर रॉजर यांची एका मनोरुग्ण स्त्रीने हत्या केली. तरीही घंटा वाजत राहिली, प्रार्थना आणि शिबिरं चालू राहिली. सगळं काही एकाच माणसाच्या हातात असतं, तर ते त्याच दिवशी थांबलं असतं.

आपण काय घ्यावे?

आमच्या शाळेत दोन दिवसांचं निवासी शिबिर झालं होतं. आम्ही शिक्षकांनीच वाढलं, आम्हीच झाडलं, आम्हीच ओरडलो. मुलं पाहुण्यांसारखी आली आणि तशीच गेली. तेझेबद्दल वाचल्यावर पुढच्या वर्षी प्रत्येकाला एकेक काम दिलं. वर्गात कधीच हात वर न करणारा एक मुलगा पाण्याच्या पिंपाजवळ होता. जाताना तो म्हणाला, "बाई, उद्या पिंप कोण भरणार?" त्याला ते पिंप आपलं वाटलं होतं!

तेझेची प्रार्थना ख्रिस्ती श्रद्धेची आहे, आणि ती तिथे शोभते. आपल्या शाळेत सर्व धर्मांची मुलं असतात. पण रोज पाच मिनिटं शांत बसणं, अनोळखी मुलाचं बोलणं पूर्ण ऐकून घेणं आणि आपलं ताट धुताना शेजाऱ्याचंही धुणं, या गोष्टी कोणत्याही शाळेत चालतील.

तेव्हा यंदा मुलाला शिबिराला घालताना "काय शिकवणार?" याबरोबरच "त्याला कोणतं काम देणार?" हेही जरूर विचारा.