घोड्यांना जंतनाशक केव्हा द्यावे? तारखेपेक्षा लिदेची तपासणी महत्त्वाची

बंगळुरूतील चामराजपेट ही वसाहत १८९२ मध्ये आखण्यात आली आणि तिला म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव देण्यात आले. त्या काळी शहराच्या पेठांमधून माणसांची ने-आण जटका गाड्यांतून होत असे. आज या गाड्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत. शहरातील घोडा आता मुख्यतः वरात, शर्यत आणि रपेट यांपुरता उरला आहे. देशभरातील चित्रही याहून वेगळे नाही. २०१२ च्या पशुगणनेत सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे नोंदली गेली होती. २०१९ च्या गणनेत ही संख्या सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली.

बंगळुरूतील वरातीचा घोडा असो की माथेरानमधील सवारीचा, ज्या कुटुंबाची कमाई एकाच जनावरावर अवलंबून असते, त्याच्या दृष्टीने घोड्याचा पोटशूळ हे मोठे संकट असते. पोटशुळाच्या अनेक कारणांपैकी जंत हे बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे कारण आहे. मात्र ते टाळण्यासाठी ठरावीक तारखेला सर्व घोड्यांना सरसकट औषध पाजण्याची जी प्रथा जगभर रुळली, तिच्यामुळेच औषधांचा प्रभाव ओसरू लागला आहे.

दोन महिन्यांचा नियम कोठून आला?

अमेरिकेतील केंटकी येथील ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी १९६६ मध्ये घोड्यांना दर दोन महिन्यांनी जंतनाशक देण्याची शिफारस केली. त्या काळचा मुख्य शत्रू होता 'स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस' हा मोठा गोलकृमी. त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरतात. तेथे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि आतड्याचा काही भाग निकामी होऊ शकतो. नियमित औषधोपचारामुळे या कृमीचे प्रमाण पुष्कळच घटले.

त्याची जागा सायाथोस्टोमिन या लहान गोलकृमींनी घेतली. त्यांच्या सुमारे ५० जाती आहेत. त्यांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या आवरणात कोश करून महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षांपर्यंतही, दडून राहतात. त्या एकाच वेळी मोठ्या संख्येने बाहेर पडल्यास घोड्याला तीव्र हगवण लागते, तो झपाट्याने खंगतो आणि दगावूही शकतो.

औषधांचे तीनच गट

गोलकृमींवर घोड्यांसाठी प्रामुख्याने तीन गटांतील औषधे वापरली जातात. फेनबेंडाझोलचा गट, पायरँटेल, आणि आयव्हरमेक्टिन व मॉक्सिडेक्टिन यांचा गट. आयव्हरमेक्टिनच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध १९८० च्या दशकात बाजारात आले. त्यानंतर घोड्यांच्या गोलकृमींवर नवा औषधगट उपलब्ध झालेला नाही.

औषध दिल्यावर जे थोडे जंत वाचतात, त्यांचीच पुढे वाढ होते. लहान गोलकृमी फेनबेंडाझोलला जगाच्या बहुतेक भागांत दाद देत नाहीत. शिंगरांमधील पॅरास्केरिस हा मोठा जंत आयव्हरमेक्टिनला जुमानत नसल्याची नोंद २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली. लहान गोलकृमींनीही या औषधाला दाद न दिल्याचे २०२० मध्ये आयर्लंडहून अमेरिकेत आणलेल्या घोड्यांमध्ये आढळले.

औषध कोणत्या घोड्याला?

एकत्र राहणाऱ्या प्रौढ घोड्यांपैकी सुमारे २० टक्के घोडे जंतांची सुमारे ८० टक्के अंडी बाहेर टाकतात, असे दिसून आले आहे. म्हणून प्रत्येक घोड्याच्या लिदेतील अंडी मोजून घेणे उपयुक्त ठरते. एक ग्रॅम लिदेत २०० पेक्षा कमी अंडी असल्यास निरोगी प्रौढ घोड्याला जादा औषधाची सहसा गरज नसते. संख्या ५०० च्या वर असल्यास उपचार आवश्यक समजला जातो. यांमधल्या घोड्यांबाबत पशुवैद्य परिस्थिती पाहून निर्णय घेतात.

नमुना ताज्या लिदेचा असावा. तो पिशवीतील हवा काढून बंद करावा, थंड ठेवावा आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. नुसते 'जंत आहेत की नाहीत' असे न विचारता अंड्यांची संख्या मोजून मागावी. औषधानंतर १४ दिवसांनी पुन्हा मोजणी करावी. आयव्हरमेक्टिन दिल्यावर अंडी ९५ टक्क्यांहून कमी प्रमाणात घटली, तर औषध निष्प्रभ होत असल्याची शंका घ्यावी.

या मोजणीलाही मर्यादा आहेत. आतड्याच्या आवरणातील अळ्या तिच्यात दिसत नाहीत आणि फीतकृमीही अनेकदा निसटतात. डेन्मार्कमध्ये १९९९ पासून निदानाशिवाय जंतनाशक देण्यास मनाई आहे. तेथे केवळ मोजणीवर विसंबलेल्या काही ठिकाणी स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस पुन्हा आढळू लागला. त्यामुळे सर्व प्रौढ घोड्यांना वर्षातून एक-दोन वेळा औषध द्यावे आणि त्यापलीकडचे उपचार मोजणीनुसार करावेत, असा सल्ला आता तज्ज्ञ देतात.

वेळापत्रक कसे आखावे?

गोलकृमींच्या अळ्या उबदार व ओलसर हवेत गवतावर वाढतात. कडक उन्हात आणि कोरड्या जमिनीवर त्या लवकर मरतात. आपल्याकडे संसर्गाचा मुख्य काळ पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे हा होय. म्हणून चरणाऱ्या घोड्यांची मोजणी पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस सरल्यावर करणे सोयीचे ठरते. सतत तबेल्यात राहून कोरडा चारा खाणाऱ्या घोड्याला हा धोका कमी असतो.

शिंगरांचे वेळापत्रक निराळे असते. पॅरास्केरिसची अंडी तबेल्यात अनेक वर्षे टिकतात. पहिले औषध साधारण दोन ते तीन महिन्यांच्या वयात आणि दुसरे दूध तोडण्याच्या सुमारास दिले जाते. पोटात जंत फार असताना तीव्र औषध दिल्यास मेलेल्या जंतांमुळे आतडे तुंबू शकते. त्यामुळे शिंगराला पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय औषध देऊ नये.

मात्रा वजनावर ठरते

अंदाजाने दिलेली अपुरी मात्रा औषधाला न जुमानणाऱ्या जंतांच्या पथ्यावर पडते. वजनकाटा नसल्यास पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. १५० सेंटिमीटर घेर आणि १३० सेंटिमीटर लांबीच्या तट्टाचे वजन सुमारे २४६ किलो येते. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याला सुमारे ४९ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन लागते. हे औषध घोड्याला तोंडावाटे द्यावे. गुरांसाठी असलेले इंजेक्शन टोचल्यास त्या जागी गंभीर सूज व संसर्ग होण्याचा धोका असतो.

औषधाइतकेच महत्त्व स्वच्छतेला आहे. तबेल्यातील लीद रोज आणि चरण्याच्या जागेवरील लीद आठवड्यातून किमान दोनदा उचलावी. कच्ची लीद कुरणात पसरू नये. घोडेमालकाने एका वहीत प्रत्येक घोड्याचे वजन, दिलेले औषध, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहून ठेवावी. औषध लागू पडले की नाही, हे पशुवैद्याला या नोंदींवरूनच ठरवता येते.