माऊस हातात येण्याआधी

शाळेत डिजिटल तंत्रज्ञान शिकवणे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी शिकवणे. पहिली, साधने वापरता येणे: फाइल उघडणे, मजकूर टंकणे, तक्ता करणे, ईमेल पाठवणे. दुसरी, ही साधने आतून कशी चालतात हे कळणे: आकडा, अक्षर, चित्र यंत्रात कोणत्या रूपात साठते, सूचनांचा क्रम म्हणजे काय, एका यंत्रातला मजकूर दुसऱ्या यंत्रापर्यंत कसा जातो. पहिली शिकवायला सोपी आणि पालकांना दाखवायला बरी, पण लवकर शिळी होते. मेनूची जागा नव्या आवृत्तीत बदलली की पाठ केलेल्या पायऱ्या निकामी होतात. दुसरी गोष्ट पन्नास वर्षे फारशी बदललेली नाही. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ती आधी यायला हवी, आणि तिची सुरुवात करायला संगणकाची लॅबसुद्धा लागत नाही.

भारतीय शाळांत संगणक आला तो १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या प्रकल्पातून. त्यासाठी निवडलेले यंत्र होते ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो. ते सुरू केले की पडद्यावर चित्रे येत नसत. बेसिक भाषेतल्या आज्ञेची वाट पाहणारी एक ओळ येई. त्यामुळे त्या पिढीतल्या विद्यार्थ्याला काही करायचे तर आज्ञा लिहिण्याखेरीज मार्ग नव्हता. पुढे खिडक्या आणि माऊस आले, यंत्र वापरणे सोपे झाले आणि शिकवणेही वापरण्यापुरते उरले. २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी आलेल्या ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ योजनेने लॅब दिल्या. तिथल्या तासिका बहुतेक करून टंकलेखन, सादरीकरण आणि तक्ते यांत गेल्या. महाराष्ट्रात शाळेबाहेर एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले, आणि नोकरी शोधणाऱ्या प्रौढांसाठी ते योग्यच होते. चौदा वर्षांच्या मुलाची गरज मात्र वेगळी आहे.

इंग्लंडला हा फरक उशिरा कळला. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अहवालाने तिथल्या शाळांतल्या आयसीटी, म्हणजे माहिती संप्रेषण तंत्रज्ञान, या विषयावर कडक टीका केली आणि सप्टेंबर २०१४ पासून त्याच्या जागी ‘कम्प्युटिंग’ हा विषय आला. भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकीय विचार आणि माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंग यांचा उल्लेख केला. धोरणातला शब्द वर्गात उतरवायचा तर पहिल्या तासाला काय करायचे, इथून सुरुवात करावी लागते.

पहिला तास आकड्यांचा. न्यूझीलंडमध्ये टिम बेल, इयान विटन आणि माइक फेलोज यांनी १९९० च्या दशकात ‘कम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ या नावाने यंत्राविना शिकवण्याचे खेळ तयार केले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ पाच पुठ्ठ्यांचा आहे. पाच मुले ओळीने उभी राहतात. त्यांच्या पुठ्ठ्यांवर डावीकडून १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके असतात. मागची बाजू कोरी. वर्ग एक संख्या सांगतो, समजा २२. ठिपक्यांची बेरीज २२ होईल असे पुठ्ठे उघडे ठेवायचे, बाकीचे उलटायचे. १६, ४ आणि २ उघडे राहतात. उघड्याला एक आणि उलट्याला शून्य म्हटले की ओळ वाचता येते: १०११०. पाच पुठ्ठ्यांनी शून्यापासून ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या दाखवता येते आणि प्रत्येक संख्येची मांडणी एकच असते. सहावा पुठ्ठा आणला तर त्यावर किती ठिपके, हे शिक्षकाने सांगायचे नसते. वर्ग ते ओरडून सांगतो. आठ पुठ्ठे म्हणजे आठ बिट, म्हणजेच एक बाइट, आणि त्यात मावणाऱ्या संख्या २५६. इथपर्यंत विजेचा दिवाही लागलेला नसतो.

मराठी माध्यमाच्या मुलांकडे याच गोष्टीची दुसरी वाट आधीच तयार आहे, आणि ती वर्गात वापरली जात नाही याचे वाईट वाटते. व्याकरणाच्या तासाला वृत्ते शिकताना यमाचा, मानावा, राधिका, ताराप, नमन, भास्कर, जनास, समरा हे गण मुले पाठ करतात. प्रत्येक गणात तीन अक्षरे. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू. लघूला शून्य आणि गुरूला एक मांडा. नमन म्हणजे न गण: ०००, शून्य. समरा म्हणजे स गण: ००१, एक. ज गण दोन, य गण तीन, भ गण चार, र गण पाच, त गण सहा आणि तिन्ही गुरू असलेला म गण सात. आठ गण म्हणजे शून्य ते सात या आठ संख्या, एकही गळत नाही, एकही दुबार येत नाही. गण आठच का, नऊ का नाहीत, याचे उत्तर मुलांना इथे मिळते: दोन पर्याय, तीन जागा, दोनाचा घन आठ. भुजंगप्रयाताचा एक चरण म्हणजे चार य गण, अर्थात ०११०११०११०११. बारा बिटांची ही संख्या दशमान पद्धतीत १७५५ होते, आणि ती काढणे हा नववीच्या मुलाला झेपेल असा चांगला गृहपाठ आहे. लघु-गुरूंच्या सर्व मांडण्या क्रमाने लिहिण्याची प्रस्ताराची रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. त्यावरून संगणकाचा शोध आपल्याकडे लागला असे म्हणता येत नाही; दोन पर्यायांची मोजदाद सगळीकडे सारखीच होते, एवढेच खरे, आणि शिकवायला तेवढे पुष्कळ आहे.

आकड्यांनंतर अक्षरे. यंत्रात अक्षर साठत नाही, अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक साठतो. युनिकोडमध्ये ‘मराठी’ हा शब्द पाच क्रमांकांचा आहे: म २३५०, र २३५२, काना २३६६, ठ २३३६, दुसरी वेलांटी २३६८. काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत, म्हणून ‘ठी’ पुसताना बॅकस्पेस एकदा दाबली की आधी वेलांटी जाते आणि ‘ठ’ मागे राहतो. ‘क्ष’ मुळात तीन क्रमांकांचा आहे: क, हलन्त आणि ष. हे मुलांनी स्वतः पुसून पाहावे. मग एक प्रश्न विचारता येतो: इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, मराठीत ७० च का? एका संदेशाची जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, देवनागरी चिन्हाला १६. भागाकार मुलांनी करायचा.

जुन्या फॉन्टचा त्रासही इथेच उलगडतो. शाळेच्या कार्यालयातले वर्षानुवर्षांचे मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, हा अनुभव अनेकांचा आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकृत्या बसवलेल्या असत. फॉन्ट नसेल तर क्रमांक तेच राहतात, आकृत्या बदलतात. फाइल बिघडलेली नसते. हे समजलेला विद्यार्थी युनिकोडमध्येच टंकण्याचा आग्रह धरतो. त्याला नियम सांगावा लागत नाही.

चित्रासाठी आलेख कागद पुरेसा आहे. चौकटी रंगवायच्या, प्रत्येक चौकटीचा आकडा लिहायचा, आणि फक्त आकडे शेजारच्या बाकावर देऊन चित्र पुन्हा काढून घ्यायचे. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत एक कोटी वीस लाख ठिपके आणि प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे ३६ मेगाबाइट व्हायला हवेत. फोनमधली फाइल मात्र तीन-चार मेगाबाइटची दिसते. उरलेले कुठे गेले, या प्रश्नातून आकुंचनाचा धडा आपोआप निघतो.

पुढचा टप्पा सूचनांचा. क्रम, अट आणि पुनरावृत्ती या तीन गोष्टींतून सगळे प्रोग्रॅम उभे राहतात. शाळेच्या जनरल रजिस्टरातली आडनावे अकारविल्हे लावली असतील, तर हजारांतून एक नाव काढायला जास्तीत जास्त दहा वेळा यादी अर्धी करावी लागते; एक कोटी नावे असली तरी चोवीस वेळाच. यादी लावलेली नसेल तर ही युक्ती चालत नाही, हे वर्गाला एकदा विस्कटलेली यादी देऊन दाखवावे. एक ते शंभरमधली मनातली संख्या सात प्रश्नांत ओळखण्याचा खेळ याच तत्त्वाचा आहे, आणि संगणकावर लिहिण्याजोगा पहिला खरा प्रोग्रॅमही तोच.

मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची भाषा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे १९६७ मध्ये अमेरिकेत वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी तयार केलेली लोगो. चाळीस वर्षांनी, २००७ मध्ये, एमआयटीच्या मीडिया लॅबमधून मिचेल रेझनिक यांच्या गटाने स्क्रॅच आणली. तिच्यात आज्ञा ठोकळ्यांच्या रूपात जोडल्या जातात, त्यामुळे अर्धविराम राहिला म्हणून प्रोग्रॅम अडत नाही. ती मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते; ग्रामीण शाळेसाठी ही मोठी सोय. नववीनंतर पायथॉनकडे वळता येते. भाषा कोणतीही असो, खरे शिक्षण चूक शोधताना होते. शिक्षकाने चूक दुरुस्त करून देणे हा इथला सर्वांत मोठा मोह आहे. ‘यंत्राने इथपर्यंत काय केले असेल, कागदावर ओळीने लिही’ एवढेच सांगणारा शिक्षक अधिक शिकवतो.

स्प्रेडशीट ही साधनांतली एक गोष्ट मात्र नीट वेळ देऊन शिकवावी, कारण ती अर्धी प्रोग्रॅमिंगच आहे. महाराष्ट्र शिक्षण मंडळाच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानावर प्रकरण आहे. त्याला स्वतःच्या तालुक्याच्या पावसाची जोड दिली तर ते जिवंत होते. जून ते सप्टेंबरचे रोजचे मिलिमीटर भरायचे, बेरीज सूत्राने काढायची, मग एक आकडा बदलून बेरीज आपोआप बदलते हे पाहायचे. त्यानंतर मुद्दाम एक घोळ करायचा: गुणांच्या तक्त्यात फक्त गुणांचा रकाना निवडून उतरत्या क्रमाने लावायचा. नावे जागच्या जागी राहतात, गुण सरकतात, आणि नापास मुलगा पहिला येतो. कार्यालयांत खऱ्या याद्या अशाच बिघडतात. शून्याने सुरू होणारा क्रमांक भरला की पुढचे शून्य नाहीसे होते, हेही त्याच तासाला दिसते. यंत्राने त्याला संख्या मानले, मजकूर नाही.

इंटरनेटचा भाग बहुतेक ठिकाणी धोक्यांच्या यादीने सुरू होतो. तो पाकिटांनी सुरू व्हावा. एक संदेश पाच चिठ्ठ्यांवर तुकड्यांनी लिहायचा, प्रत्येकीवर क्रमांक आणि पत्ता घालायचा, वेगवेगळ्या रांगांतून पुढे पाठवायचा. चिठ्ठ्या उलटसुलट पोहोचतात, एखादी हरवते, ती पुन्हा मागवावी लागते, आणि मधल्या प्रत्येक बाकाला मजकूर वाचता येतो. कूटलेखन कशासाठी, हे त्या क्षणी कळते. मग ब्राउझरमधल्या कुलपाचा अर्थ सांगता येतो: वाटेतल्याला मजकूर वाचता येत नाही, एवढेच. पलीकडचा माणूस सच्चा आहे असे ते कुलूप सांगत नाही. फसवी साइटही कुलूप लावू शकते. म्हणून पत्ता वाचायला शिकवायचे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेषांनंतर जी पहिली एकेरी रेषा येते, तिच्या लगेच डावीकडचे नाव मालकाचे. बँकेचे नाव त्याआधी कितीही वेळा लिहिलेले असले तरी त्याला अर्थ नाही.

या धड्याला घरात लगेच काम असते. कितीतरी घरांत आईवडिलांचा फोन नववीतली मुलगीच चालवते. लाइटबिल ती भरते, अर्ज ती भरते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, आणि फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा, या दोन गोष्टी तिला ठाऊक असतील तर कुटुंबाची कमाई वाचू शकते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय सीबीएसईने २०१९ पासून नववीत ऐच्छिक ठेवला आहे. पायाभूत वर्गात तिच्यासाठी एक प्रयोग पुरतो: आंब्याची आणि फणसाची पाने दाखवून यंत्राला ओळखायला शिकवायचे, पण आंब्याची सगळी पाने वाळलेली आणि फणसाची सगळी हिरवी द्यायची. मग आंब्याचे हिरवे पान दाखवायचे. यंत्र झाड शिकले की रंग, यावर वर्गात चांगली चर्चा होते.

उरतो प्रश्न लॅबचा. साठ मुलांचा वर्ग आणि चालू स्थितीतले आठ-दहा संगणक हे सर्वसाधारण चित्र आहे. एका यंत्राभोवती सहा जण बसले की माऊस ज्याच्या हातात तोच शिकतो, आणि बहुतेकदा तो मुलगा असतो, मुलगी नाही. वर्गाचे दोन गट करून एका गटाला कागदाचे काम आणि दुसऱ्याला यंत्राचे दिले, यंत्रावर जोड्या लावल्या आणि दर दहा मिनिटांनी टंकणारा व सांगणारा यांची अदलाबदल सक्तीची केली तर चित्र बरेच सुधारते. शिक्षक बहुधा गणिताचा किंवा विज्ञानाचा असतो, आणि वर सांगितलेले जवळपास सगळे गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला झेपणारे आहे. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ने शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण दिले, मुक्त सॉफ्टवेअर वापरले आणि मल्याळममध्ये साहित्य केले; २०१८ पासून तिथे ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी गटांमार्फत मुलेच लॅबच्या कामात हात लावतात. महाराष्ट्राला यातले बरेच काही उचलण्यासारखे आहे.

मूल्यमापनात ‘संगणकाचे उपयोग लिहा’ या प्रश्नाला जागा असू नये. ते निबंधाचे काम झाले. त्याऐवजी चालणारा पण चुकीचे उत्तर देणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम द्यावा आणि चूक कोणत्या ओळीत आहे, ती कशी सापडली, हे लिहायला सांगावे. अर्धे गुण चूक सापडण्याला, अर्धे ती शोधण्याच्या पायऱ्यांना. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या कामातली एक आज्ञा काढून टाकावी आणि आता काय होईल ते यंत्र न चालवता विचारावे. काम स्वतःचे आहे की उतरवलेले, हेही त्यात समजते.